तांड्याकडे तोंड करून उभा बुरूज

मी बुरूज बोलतोय. पण आधी तुम्ही कोण, कुठले, इकडे काय काम काढलंत ते सांगा. राग मानू नका. विचारपूस केल्याशिवाय कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही, हीच माझी शिकवण. फुलसावंगीच्या खालच्या अंगाला, पैनगंगेच्या काठी, इंग्रजांची सरहद्दीवरची गढी होती. अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड, पलीकडे निजामाची मोगलाई. गढीच्या भिंती केव्हाच ढासळल्या. उरलो मी एकटा.

मला बांधलं तेच मुळी संशयापायी. पलीकडून कोण येतं, काय आणतं, यावर नजर ठेवायची, असं सगळे सांगत. शिपाई दिवसभर तंबाखू मळत बसायचे. नदीतून बंजाऱ्यांचे बैल यायचे, पाठीवर मिठाच्या अन् धान्याच्या गोण्या. अलीकडे आले की ते माझ्या पायथ्याशीच तळ टाकत. मी म्हणे, इथे नक्की पाणी मुरतंय! एवढ्या लांबून माणूस नुसतं मीठ विकायला येतो होय?

पुढे रस्त्यांवर मोटारी धावू लागल्या, बैलांवरचा व्यापार बसला आणि तांडा पायथ्याशी कायमचाच राहिला. झोपड्या झाल्या, ज्वारी पेरली. माझा संशय काही गेला नाही. छप्पन साली तर अजबच झालं. दोन्ही काठ एकाच राज्यात आले, सरहद्दच पुसली. आता संशय घ्यायचा कोणावर? राहिला तांडाच. तांड्याचा नायक धावजी माझ्या सावलीत खाट टाकून बसे, तर मला वाटे, हा माझे दगड हेरतोय. त्याची बायको रामीबाई खुशाल माझ्या अंगावर गोवऱ्या थापी. तिचा संशय तर माझ्याही वरताण. माझ्या भिंतीत जंग्या आहेत, म्हणजे बंदूक रोखायची भोकं. त्यांच्याकडे बोट करून ती पोरांना म्हणे, "तिकडं खेळू नका रे. मेल्याची नजर चांगली नाही."

मग एका उन्हाळ्यात तहसिलीतून नीळकंठराव आले. हातात छत्री, कपाळाला आठ्या. माझे दगड रस्त्याला न्यायला आले असतील, म्हणून मी अंग चोरून उभा! पण ते आले होते तांड्यासाठी.

"जागा सरकारी आहे," ते धावजीला म्हणाले. "जुनी वस्ती असेल तर राहील. नाहीतर पावसाआधी झोपड्या उठवा."

"साहेब, माह्या आजेसासऱ्यापासून आमी अठीच आहो," रामीबाई म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात, बाई. तुम्ही फिरस्ती माणसं. आज इथे, उद्या तिथे. तुम्हाला तेव्हा इथे पाहिलं कोणी?"

धावजी खाली मान घालून उभा. पाहिलं होतं मी! पण दगडाला कोण विचारतो? आणि खरं सांगतो, ही माणसं गेली तर रोज सकाळी धूर कोणाच्या चुलीचा बघायचा?

ऊन फार होतं. नीळकंठराव पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या आत सावलीला आले. नदी बघावी म्हणून त्यांनी एका जंगीला डोळा लावला. मग दुसरीला. मग तिसरीला.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती. तुम्ही कोण हे मला अजूनही कळलेलं नाही, पण आता सांगतोच. नदीकडे माझी जंगी एकच. बाकी सगळ्या तांड्यावर रोखलेल्या.

साहेब बाहेर आले. "बाई, या जंग्या तुमच्या बाजूला कशा?"

रामीबाई भडकलीच. "मले काय इचारता? आमच्यावर नजर ठिवाले केल्या, दुसरं काय! आमी चोर ना! माही सासू सांगे, भाकर थापाले बसलं तरी वरून बंदुकीचं तोंड दिसे."

साहेबांनी तांब्या खाली ठेवला. "पुन्हा सांगा बरं."

"काहून? एकदा आयकून पोट नाही भरलं?"

"अहो, माणसंच नसतील तिथे बंदुका कोण रोखेल?" ते म्हणाले. धावजीने मान वर केली.

पुढे वरचे साहेब आले. त्यांनीही डोळा लावून पाहिलं. तांडा राहिला. ज्यांना जन्मभर चोर समजलो, त्यांचा साक्षीदार मीच निघालो. बरं वाटलं, लाजही वाटली.

आता रामीबाई शेणमातीने माझ्या जंग्या लिंपत सुटली आहे. "लय पाहून झालं तुहं," म्हणते. तिचंही खरंच. तिच्या बाजूची एकच उरली आहे, आणि खाली माती कालवून तयार आहे.

रामीबाई, एवढी एक राहू दे गं. पहाऱ्यासाठी नाही. नीळकंठरावांची बदली झाली. उद्या दुसरा साहेब येईल, पुन्हा विचारेल, तुम्हाला इथे पाहिलं कोणी? माझा नाही बाई कोणावर भरवसा! त्याला आत आण, या भोकाला डोळा लावायला सांग. समोर तुझी चूल दिसली पाहिजे. ती तेवढी पेटती ठेव.