हेगरविकचा रिकामा रस्ता

मी एक जुने शहर आहे. दचकू नका मित्रांनो, माझ्यात कोणी राहत नाही. जेवणाच्या मोठ्या टेबलाएवढा माझा सगळा पसारा. माझे डोंगर लाकडाचे, घरे लाकडाची, आणि समुद्र म्हणजे फळीवर दिलेला निळ्या रंगाचा एक हात. माझ्या प्रत्येक घराखाली एक छोटी खुंटी आहे आणि फळीला तिच्यापुरते भोक. त्यामुळे माझे कोणतेही घर उचलून दुसरीकडे लावता येते. खऱ्या शहरात हे इतके सोपे नसते.

माझा जन्म राखेतून झाला. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे हेगरविक तेव्हा सगळेच्या सगळे लाकडी होते. घरे इतकी खेटून, की एका खिडकीतून समोरच्या खिडकीत कॉफीची किटली देता यायची. एका फेब्रुवारीत शिडे शिवणाऱ्याच्या कारखान्यात शेगडी कलंडली, त्यात समुद्रावरून वादळ सुटलेले. दिवस मावळायच्या आत खालचे अर्धे गाव जळून गेले. चर्चही गेले. आतले काही बाक तेवढे लोकांनी बाहेर बर्फात ओढून आणले, तेही एका बाजूने जळलेले. त्याच बाकांच्या लाकडातून मला घडवले. म्हणून माझ्या अंगाला धुराचा वास आहे. तो कधी गेला नाही.

मला घडवून घेणारा माणूस म्हणजे सिगवार्त लिंडसेत. जाळी विणणाऱ्याचा मुलगा, डेन्मार्कला जाऊन बांधकाम शिकून आलेला. गाव नव्याने आखायचे काम नगरपरिषदेने त्याच्यावर सोपवले. त्याने नकाशे काढले, पण कागदावरच्या रेघा लोकांच्या डोक्यावरून गेल्या. तेव्हा त्याने टोलेफ सुताराला बोलावले आणि म्हणाला, "लोकांना आपलं घर बोटानं दाखवता आलं पाहिजे, असं काहीतरी कर." टोलेफने ते थंडीचे दिवस माझ्यावर घालवले. मी पुरे झाल्यावर मला नगरभवनाच्या सभागृहात, बंदराकडच्या खिडकीपाशी ठेवले.

रविवारी प्रार्थनेनंतर लोक यायचे. बोटे ठेवून पाहायचे. वरच्या गावात त्यांची बोटे हलकी असत. खाली जळलेल्या भागात आली, की जड होत. त्याच भागात, बंदरापासून चर्चच्या जागेपर्यंत, सिगवार्तने एक रस्ता ठेवला होता. कधी कोणी पाहिला नसेल इतका रुंद, आणि त्यावर काहीही नाही. आग ह्या काठावरून त्या काठावर उडी मारू शकणार नाही, असे त्याचे म्हणणे. लोक हसले. "रस्त्यात जहाजं वळवणार आहेस काय, सिगवार्त?" असे विचारू लागले. ज्यांच्या जागा त्यात जाणार होत्या, ते मात्र हसत नव्हते.

मग एका सकाळी त्या रिकाम्या रस्त्याच्या मधोमध एक लाल घर उभे होते.

सिगवार्तला वाटले, टोलेफने चुकून लावले असेल. टोलेफने घर हातात घेतले, फिरवून पाहिले आणि पटकन खाली ठेवले.

"हे माझं काम नाही, साहेब. माझ्या घरांना दारं रंगवलेली आहेत. ह्याचं दार बघा. कोरलंय. अन् ते उघडं आहे."

घर कोणाचे, हे मात्र दोघांनाही कळले. तिथे, नेमक्या त्याच जागी, बेरेतचे लाल घर होते. बेरेत धक्क्यावर मासे साफ करायची. आगीच्या दिवशीही ती धक्क्यावरच होती. घरात तिची दोन नातवंडे होती, सुन्निवा आणि पेडर. ती बाहेर आलीच नाहीत. राखेतही सापडली नाहीत.

सिगवार्तने ते घर उचलून आपल्या मेजाच्या खणात ठेवले आणि किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी घर पुन्हा रस्त्यात. त्याने सभागृहालाही कुलूप लावले. घर पुन्हा रस्त्यात. मित्रांनो, तुम्ही मला विचाराल, तुझ्या अंगावर कोण काय ठेवते हे तुला कळत नाही का? कळते. तोवर माझ्यावर शेकडो हात फिरले होते. माणसाचा हात थंडीतसुद्धा थोडा ऊबदार असतो. ते हात तसे नव्हते. आणि ते खूप हलके होते. याहून जास्त मला सांगता येत नाही.

सिगवार्त असल्या गोष्टी मानणारा माणूस नव्हता. त्याने बेरेतला बोलावणे धाडले. ती कामावरून तशीच आली, खांद्यावर शाल, हातांना माशांचे खवले. तिने त्याच्याकडे पाहिलेच नाही. माझ्याकडे पाहत राहिली.

"मी ठेवलेलं नाही," ती म्हणाली. "पण मी काढणारही नाही."

 मग सिगवार्तने जे विचारले, ते त्याच्या तोंडून येईल असे मला वाटले नव्हते. "मग काय करू, मावशी? रस्ता वळवू? तुमची जागा तुम्हाला परत देऊ?"

बेरेतने एक बोट पुढे केले. बंदरापाशी टेकवले आणि सावकाश, कुठेही न उचलता, चर्चपर्यंत नेले.

"त्या दिवशी गल्लीत लोकांची पिंपं होती," ती म्हणाली. "गाड्या होत्या, गाद्या होत्या. जो तो आपलं वाचवत होता. पोरांना पळायला वाटच नव्हती. वळवू नकोस, लिंडसेतांच्या पोरा. तिथं कुणाचं घर नको. माझंसुद्धा नको. त्यांना पळायला जागा ठेव."

"ठेवतो."

"शब्द दे."

"दिला."

तिने लाल घर आपल्या शालीत घेतले आणि गेली. ते पुन्हा कधी माझ्यावर आले नाही.

रस्ता झाला. त्याच्या दोन्ही बाजूंना नवी घरे उभी राहिली. हिवाळ्यात मुले त्यावर घसरगाड्या घेऊन यायची. हसणारे हळूहळू गप्प झाले. दुसऱ्या गावांचे लोक मला पाहायला येऊ लागले, वह्यांत चित्रे काढून नेऊ लागले. सिगवार्त गावाचा नगराध्यक्ष झाला, मग संसदेत गेला, आणि पुढे राजधानीत रस्ते-बंदरांचा मंत्री झाला. किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांना नळाचे पाणी आणि रुंद रस्ते त्याच्या काळात मिळाले. उन्हाळ्यात घरी आला, की तो बोटीतून उतरून थेट माझ्याकडे यायचा. त्याची बायको अल्विल्डे दारात उभी राहून म्हणायची, "आधी सवत, मग मी!" आणि तो हसत तिचा हात धरायचा. ते माझे वैभवाचे दिवस होते. दर आठवड्याला माझी धूळ पुसली जायची, आणि दर वसंतात माझ्या समुद्राला नवा रंग मिळायचा.

मग हेरिंग मासे यायचे थांबले. एक वर्ष, मग दुसरे. धक्के ओस पडले. तरुण माणसे अमेरिकेच्या बोटी धरू लागली. अशा वेळी एलिंग फाल्क नावाच्या व्यापाऱ्याने नगरपरिषदेला सांगितले, की मी डांबराची आणि तेलाची मोठी गोदामे बांधतो, गावाला काम देतो. फक्त मला बंदराजवळची जागा हवी, त्या रिकाम्या रस्त्याचा खालचा अर्धा भाग. नाहीतरी तो नुसताच पडून आहे. गाव एका सुरात हो म्हणाले. त्यात सिगवार्तचे सरकार संसदेत अगदी काठावर तरले होते आणि फाल्कचे मित्र ज्या बाजूला झुकतील, तिकडे पारडे जाणार होते.

सिगवार्त डिसेंबरात घरी आला. दुपार होती, पण आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी दिवे लावावे लागतात. फाल्कच्या माणसांनी गोदामांचे ठोकळे करून आणले होते. ते त्याने स्वतःच्या हाताने माझ्या रस्त्यात लावले. अल्विल्डे शेजारी उभी होती.

"बेरेतला शब्द दिला होतास," ती म्हणाली.

"शब्दावर सरकार टिकत नाही, अल्विल्डे."

दुसऱ्या दिवशी सगळी गोदामे माझ्या निळ्या समुद्रात आडवी पडली होती, एका ओळीत, नीट. पहारेकरी म्हणाला, उंदीर असतील. ठोकळे परत लावले. परत समुद्रात. तिसऱ्यांदा लावायला गेले, तर खुंट्या भोकांत शिरेचनात. माझी फळी तिथे फुगली होती आणि गरम लागत होती. मी ते मुद्दाम केले नाही, मित्रांनो. मला तेव्हा फक्त एवढे जाणवत होते, की माझ्या अंगावर कोणीतरी धावते आहे. बंदराकडून चर्चकडे, आणि परत.

सिगवार्तने दिवा जवळ ओढला आणि खाली वाकला. रस्त्याच्या पांढऱ्या रंगावर काजळीचे ठसे होते. बोटांचे. लहान, आणि त्याहून लहान. त्याने हातरुमालाने ते पुसले. रुमाल काळा झाला आणि त्याला ताज्या जळण्याचा वास आला. तो खुर्चीत बसला. ह्या वेळी संशय घ्यायला बेरेतही नव्हती. ती त्याच शरदात गेली होती, चर्चच्या आवारात पुरली होती, आणि तिच्या मुठीत ते लाल घर होते.

संध्याकाळी परिषद भरली. सिगवार्तने उभे राहून सांगितले, की हा रस्ता रिकामाच राहील, आणि मी मंत्री आहे तोवर गोदामांच्या परवान्यावर माझी सही होणार नाही. गोंधळ उडाला. कारण विचारले, तर एवढेच म्हणाला, "मी एका बाईला शब्द दिलाय."

"कोणत्या बाईला?" फाल्क म्हणाला. "मासेवालीला? ती तर मेली."

"म्हणून तर मोडता येत नाही," सिगवार्त म्हणाला.

वसंत यायच्या आत सरकार पडले आणि त्याचे मंत्रिपद गेले. गावात त्याच्या दारावर लोकांनी माशांची आतडी फेकली. त्यात आइलेफ नावाचा एक पिंपे बांधणारा सगळ्यांत पुढे होता. त्याचे दोन मुलगे अमेरिकेला गेले होते आणि गोदामांत काम मिळाले असते तर ते राहिले असते, असे तो चारचौघांत बोलायचा. ते खोटेही नव्हते. अल्विल्डेने दार धुतले. सिगवार्त लहानसहान घरांचे आराखडे करून पोट भरू लागला. नगरभवनात तो येईनासा झाला. मलाही कोणी पुसेनासे झाले. फाल्कने आपली गोदामे रस्त्याच्या पूर्वेला, जुन्या धक्क्यावर बांधली.

ती पेटली एका मे महिन्यात, भर दिवसा. पाऊस कित्येक आठवडे नव्हता, वारा पूर्वेचा. डांबराला आग लागल्यावर आकाश काळे झाले. मी खिडकीतून सगळे पाहिले. पूर्वेकडची घरे एकामागून एक गेली. आणि लोक पळाले ते त्या रस्त्यावर. पोरे, गाई, गाद्या, भिंतीवरची घड्याळे, सगळे घेऊन. पश्चिमेकडच्या छपरांवर माणसे ओली शिडे अंथरून ठिणग्या विझवत होती. आग रस्त्याच्या काठापर्यंत आली, ओढ्यापाशी अडलेल्या जनावरासारखी तिथे पुढेमागे करत राहिली, आणि संध्याकाळी बसली. घरे गेली. माणूस एकही गेला नाही.

सिगवार्तची छाती तेव्हा फार बिघडली होती. अल्विल्डेने त्याला खुर्चीसकट बाहेर आणवून रस्त्यात बसवले होते. आइलेफ टोपी हातात घेऊन गर्दीतून आला. मग त्याने आपल्या खांद्यावरची घोंगडी काढून सिगवार्तच्या गुडघ्यांवर पांघरली. 

आणखी एक गोष्ट मी वरून पाहिली, खालच्या कोणालाही ती दिसली नसावी. सगळा गाव त्या रस्त्यात दाटीने उभा होता, मुंगीला वाट नव्हती. तरी मधोमध एक जागा मोकळी होती. एका लहान घराएवढी. कोणी सांगितले नव्हते, कोणी दोरी बांधली नव्हती, पण लोक तिला वळसा घालून जात होते. फक्त सिगवार्त तिकडे पाहत होता. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली.

त्या शरदात तो गेला. गावाला आता त्याच्यासाठी काहीतरी करायचे होते. नगरपरिषदेने ठरवले, की त्याचा ब्राँझचा पुतळा रस्त्याच्या बरोबर मध्यभागी उभारायचा. शिल्पकाराने मातीची एक छोटी मूर्ती करून माझ्यावर ठेवली आणि अल्विल्डेला दाखवायला बोलावले. तिने चष्मा लावून पाहिले. मूर्ती चांगली होती. तिने ती हलकेच उचलली आणि खिडकीत ठेवली.

"त्यानं आयुष्यभर एकच गोष्ट सांभाळली," ती म्हणाली. "तिथं काही नसणं. अन् आता त्यालाच नेऊन तिथं उभा करताय?"

नगराध्यक्षाने विचारले, मग त्यांची आठवण लोकांना राहणार कशी?

"नाही राहिली तर नाही राहिली. वाट मोकळी ठेवा."

म्हणून हेगरविकमध्ये त्याचा पुतळा नाही, रस्त्यालाही त्याचे नाव नाही. त्याची गोष्ट सांगायला मीच काय ते उरले आहे. मला आता नगरभवनाच्या माळ्यावर ठेवले आहे. माझी बरीच घरे हरवली, डोंगरांना कीड लागली, समुद्राचा रंग उडाला. अंगावर बोटभर धूळ आहे. फक्त त्या रस्त्यावर धूळ बसत नाही. कशी बसेल? तिला बसायला फुरसत तर मिळाली पाहिजे.

मित्रांनो, मला पुसा, दुरुस्त करा, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस झाले. जे बांधलेले असते, त्याला लोक रंग देतात, कौले शाकारतात. रिकाम्या जागेची काळजी मात्र कोणी घेत नाही. एक पिंप ठेवले तर काय बिघडते, एक टपरी टाकली तर काय बिघडते, असे म्हणत म्हणत ती संपून जाते. तुमच्या गावातही अशी एखादी मोकळी वाट असेल. तिथे काही नाही, असे म्हणू नका. कोणाला तरी तिथून धावत बाहेर पडायचे असेल.