टेकडीवर एकदाच

मी डोंगरात चालवायची सायकल. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, भिंतीतल्या हुकाला पुढच्या चाकानं टांगलेली आहे आणि तिथूनच बोलतेय. माझ्या टायरांना खडकात रुतणारे जाड दाते आहेत, पण गेले आठ महिने ते हवेतच आहेत. माझ्यासमोर पलंग आहे, पलंगावर बाबा. आम्ही दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत असतो. दुसरं करणार तरी काय?

माझी फ्रेम दुकानातून उचलून आणलेली नाही. शिंपी अंगावर माप घेतो तशी एका कारागिरानं बाबांच्या मुलीची मापं घेतली. पाय केवढे, हात केवढे, खांदे केवढे. मग पोलादाच्या नळ्या कापल्या, कानशीनं घासल्या, सांध्यांत पितळ वितळवून जोडल्या आणि वरून गडद हिरवा रंग दिला. सावकाश काम करणारा माणूस. माझा नंबर लागायला चौदा महिने गेले.

तेवढ्या काळात तिच्या घरात काय घडलं, ते मला कुठून कळणार? तिनं मला बनवायला सांगितलं होतं तेव्हा बाबा ठणठणीत होते, पहाटे फिरायला जायचे. मी खोक्यातून बाहेर आले तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. वाचाही गेली होती, फक्त एक शब्द सोडून. "थांब." पाणी हवं असलं तरी थांब. पाय दुखला तरी थांब. लेक कामाला निघाली की थांब, थांब.

ती चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात जाते. सकाळी सात ते तीन एक मावशी बाबांजवळ बसतात. तीन वाजता ही दारात शिरली की मावशी चपला सरकवून बाहेर. तिथून दुसऱ्या सकाळपर्यंत घरात ही दोघंच. किराणासुद्धा फोनवरून. ज्या मुलीनं डोंगर चढायला मला बनवून घेतलं, ती आता जिना फक्त कामापुरता उतरत होती.

तरी तिनं मला परत पाठवलं नाही. बाबांच्या पलंगाशेजारीच जुनी चादर अंथरली आणि मला जोडायला बसली. एका महिन्यात पुढचं चाक धरणारा चिमटा आला, दुसऱ्यात हँडल. मग रिम आणि तारांचा जुडगा आला. चाकं तिनं स्वतः विणली, एकेक तार छेडून आवाज ऐकत. बाबा उशीला टेकून बघत राहायचे. ते पंपांच्या कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होते. बघता बघता त्यांचा डावा हात चादरीवर हलायला लागायचा, हातात पाना असल्यासारखा.

एका दुपारी ती पेडलांच्या आसाची वाटी बसवत होती. ती माझ्या पोटातल्या नळीत आट्यांवर फिरवून बसवतात. वाटी काही शिरेना. तिनं ती तशीच तिरकी टेकवली आणि लांब पान्यावर सगळं अंग टाकलं. माझे आटे चिरायला लागले. आटे गेले असते तर मी भंगारातच जाणार होते.

"थांब!" बाबा ओरडले.

"हो बाबा, देते पाणी. एक मिनिट."

"थांब! थांब!" त्यांनी पलंगाच्या लोखंडावर डाव्या हाताची मूठ आपटली.

तिनं मान वर केली. बाबा बोट हवेत उलट्या दिशेनं गोल गोल फिरवत होते. ती पाना धरून बघतच राहिली. मग डोक्यावर हात मारून घेतला. "उलटे आटे! या बाजूला उलटे आटे असतात! बाबा, तुम्ही खरंच थांब म्हणत होता?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिनं वाटी त्यांच्या डाव्या हातात दिली, मला पलंगाला टेकवलं. पहिले दोन आटे त्यांनी धरवले. वाटी सरळ गेली.

त्या दिवसापासून मला दोन जणांनी जोडलं. शेवटी चेन चढली, ब्रेक लागले आणि मी पुरी झाले. पण मला बाहेर कोण नेणार? ती मला उलटी ठेवून पेडल फिरवायची, चाक सूं सूं करायचं, मग हातानं थांबवायची. चाकाला जागा खोलीएवढीच होती.

असे तीन आठवडे गेले. मग एका रविवारी बाबांनी डाव्या हातानं आधी मला दाखवलं, मग दार दाखवलं. तोंडानं "थांब, थांब" आणि हातानं जा, जा.

"तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ?"

हात दाराकडेच.

तिनं पाण्याची बाटली त्यांच्या डाव्या बाजूला ठेवली, फोन उशीशी ठेवला. "अर्ध्या तासात आले," म्हणाली आणि दाराला बाहेरून कुलूप लावलं.

मागच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे. तिथवर दगडांची वाट जाते. तो पहिला दगड! मी खडखडले, घसरले, पुन्हा पकड धरली. तिचे लांब हात हँडलवर असे बसले की जणू आम्ही एकाच नळीतून कापलेल्या. टाकीपाशी ती उभी राहून मोठ्यानं ओरडली, शब्द वगैरे काही नाही, नुसतीच ओरडली. आणि मग तिनं पलीकडचा उतारही घेतला. तिथं अर्ध्या तासाचा तास झाला.

कुलूप उघडलं तेव्हा बाबा खिडकीखाली जमिनीवर होते. कपाळाला खोक पडली होती, खुबा मोडला होता. निम्मा पडदा त्यांच्या मुठीत होता. त्या खिडकीतून टेकडी दिसते.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलातून बाबांचे कपडे न्यायला घरी आली, तेव्हा परगावाहून तिच्या दादाचा फोन आला. तो तिथं बायकोमुलांबरोबर राहतो. फोन स्पीकरवर होता. "सायकलीच्या नादात बाबांचा जीव घेशील एखाद दिवस! विकून टाक ती."

तिनं भिंतीत हुक ठोकला आणि मला टांगलं. आता माझ्या चेनवर तांबूस गंज धरलाय. बाबा हॉस्पिटलातून आले, पण आता बसवल्याशिवाय त्यांना बसताही येत नाही. तिला रविवार उरलेला नाही. संध्याकाळी त्यांचं अंग पुसताना ती माझ्याकडे पाठ करते.

गेल्या आठवड्यात एकजण मला विकत घ्यायला आला. बसून बघितलं, म्हणाला, "लहान पडते. आणि हँडल फारच लांब आहे हो." तिनं झटकन मला त्याच्या हातातून घेतलं. "राहू दे," म्हणाली. "द्यायची नाहीये."

दादा, तू मला कधी पाहिलं नाहीस. पण दर रविवारी तुझा आवाज मी ऐकते. फोन ठेवताना तू न चुकता म्हणतोस, "काही लागलं तर सांग हं." ती "काही नको" म्हणते. ती सांगायची नाही, म्हणून मी सांगते. पैसे नकोत, औषधं नकोत. एका रविवारी ये. मला हुकावरून उतरवून तिच्या हाती दे. आणि बाबांना खिडकीशी बसवून दोन तास त्यांचा हात धरून बस.