दोन घरं मागे

सोलरुन ब्रेना अठरा वर्षांची होती तेव्हा आमच्या दरीत चढावर तिला गाठणारं कुणी नव्हतं. आई गेल्यापासून तिचा बाप हाल्वोर तिला स्कीइंग शिकवत होता. हाल्वोर आमच्या क्लबचा अध्यक्ष. तरुणपणी तो देशपातळीवर एकदा चौथा आला होता आणि त्या चौथेपणाचा कडवटपणा त्याच्या तोंडावरून कधी उतरला नाही. मी एस्किल. क्लबच्या स्कींना मेण लावायचं, बूट पकडून ठेवणारी बाइंडिंग स्कीवर बसवायची, हे माझं काम.

त्या जानेवारीत शहरातल्या खेळाच्या शाळेची निवड आमच्या गावात होती. दहा किलोमीटरची शर्यत, पहिल्या चार मुली शाळेत जाणार, तिथेच राहणार, तिथल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. सोलरुन त्या चौघींत असणार हे सगळे धरून चालले होते. हाल्वोरसुद्धा, आणि तेच त्याला खुपत होतं.

आदल्या दुपारी तो मेणाच्या खोलीत आला आणि स्वतःच कॉफी ओतून घेतली. मग म्हणाला की सात वर्षं पोरीला मी घडवली, आता फोटोत तिच्या शेजारी भलताच कुणीतरी उभा राहणार. एकदा हरली की ताळ्यावर येईल, माझं ऐकेल.

"तिची बाइंडिंग दोन घरं मागे घे," तो म्हणाला.

तिची बाइंडिंग सरकती होती. बुटापुढे एक चकती असते, ती फिरवली की बूट स्कीवर एकेक घर पुढे किंवा मागे सरकतो. पुढे घेतला की पायाखालचं मेण बर्फ धरतं आणि चढ चढता येतो. मागे घेतला की सपाटीवर स्की सुसाट जाते, पण चढावर पाय निसटतो. पळता पळता थांबून, वाकूनही ती फिरवता येते.

मी म्हणालो, "ती फिरवून घेईल की."

"फिरायला नको."

मी नाही म्हणू शकलो असतो. पण शरद ऋतूत क्लबच्या बैठकीत सोलरुन सगळ्यांदेखत म्हणाली होती की एस्किलचं मेण पहिल्या वळणावरच्या वॉफलच्या टपरीपर्यंत पुरतं, पुढे आपलं आपण बघायचं. सगळे हसले होते. मीही हसलो होतो. तेव्हापासून वाटत होतं, हिची एकदा जिरावी. मी दोन्ही चकत्या मागे घेतल्या आणि खाली गोंदाचा एकेक थेंब सोडला. वीस मिनिटांचं काम.

सकाळी उणे चौदा होतं. अंग गरम करायला सोलरुननं जुनी जोडी वापरली. शर्यतीची जोडी मी तिच्या हातात दिली ती सुरुवातीला पाच मिनिटं उरली असताना. चार पावलं टाकून ती वळली आणि म्हणाली, "एस्किल, काय पळतेय रे ही. मागचं बोलणं मनावर घेऊ नकोस हं."

मी मान हलवली आणि पायवाटेनं पहिल्या मोठ्या चढापाशी जाऊन उभा राहिलो. मला बघायचं होतं, हे आता लपवून काय उपयोग.

सपाटीवरचे तीन किलोमीटर ती सगळ्यांच्या पुढे होती. चढ लागला आणि तिचा पाय मागे गेला. दुसराही गेला. ती थांबली, वाकली, चकतीला हात घातला. चकती हलेना. तिनं दातांनी हातमोजा ओढून काढला आणि उघड्या बोटांनी जोर लावला. चार-पाचजणी शेजारून गेल्या. नखं तुटून बर्फावर रक्त पडलं. मग ती उठली आणि स्की फाकवून, नुसत्या हातांच्या बळावर वर निघाली. माझ्याजवळून जाताना तिनं माझ्याकडे बघितलं. मदत मागणाऱ्या माणसाचं बघणं होतं ते. मी इतरांसारख्या टाळ्या वाजवल्या.

असे चार चढ होते. एकही तिनं सोडला नाही. ती अकरावी आली.

हाल्वोर शेवटच्या रेषेपाशी ब्लँकेट घेऊन उभा होता. आधी तिच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं, मग लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की तुझ्या पायांत अजून दम नाही, मी केव्हापासून सांगतोय. ती म्हणाली चकती अडकली होती, एस्किलनं नीट बघितली नसेल. तिघं मेणाच्या खोलीत आलो. मी स्की टेबलावर घेतली, तिच्याकडे पाठ करून चकती पकडीनं फोडली आणि सांगितलं की आत बर्फ गेलाय. जुन्या जोडीवरून या जोडीवर येताना बूट झाडले नसतील तिनं.

ती विचारात पडली. बूट झाडले होते की नाही, तिला आठवेना.

"एस्किलला सॉरी म्हण," हाल्वोर म्हणाला.

ती मला सॉरी म्हणाली. तिच्या बोटांना अजून रक्त होतं.

पुढचं वर्ष ती बापाकडेच शिकली. पण प्रत्येक शर्यतीआधी ती बूट झाडत बसायची, दहा वेळा, वीस वेळा, चकती फिरवून बघायची, पुन्हा फिरवायची. एकदा सुरुवातीची वेळही तिनं अशी घालवली. लोक कुजबुजायचे, पोरीचं डोकं कच्चं आहे. हाल्वोरही तेच सांगायचा. विसाव्या वर्षी ती उत्तरेला मासळीच्या कारखान्यात कामाला गेली.

पुढच्या वर्षी ईस्टरला ती चार दिवस आली, तेव्हा मी तिला गाठून सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे मला आत्ता का सांगतोस?"

मी म्हणालो, मनावर ओझं होतं.

"तुझं उतरलं ना? बरं झालं. मी तीन वर्षं स्वतःला दोष दिला, एस्किल. आता कुठे जमायला लागलं होतं मला त्याच्यासकट जगायला. आता बापाकडे बघायचं कसं, ते पहिल्यापासून शिकायचं मी."

ती बापाकडे गेली नाही. या खेपेला ती काकूकडे उतरली होती, तिथलं सामान उचलून संध्याकाळच्या बसनं निघून गेली. जाण्याआधी हाल्वोरला फोन करून एवढंच विचारलं, म्हणे, की खरं का. त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. मला वाटलं मारतोय. पण तो थंड होता. म्हणाला, "ती आता पळत नाही. मग सांगून तू कुणाचं भलं केलंस?"

 उत्तराची वाट न बघता तो निघून गेला.

मे महिन्यात क्लबची वार्षिक सभा झाली. अध्यक्षपदासाठी हाल्वोरचं एकच नाव होतं. सचिवानं विचारलं, कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती. मग बाजूनं असतील त्यांनी हात वर करा म्हणाला. चौतीस हात वर झाले, त्यात माझा होता.