मखमलीचा तागा

जगातल्या यच्चयावत दुःखांच्या मुळाशी हाव असते. अपवाद फक्त दाढदुखीचा. पण तीही बहुधा जास्त गोड खाऊनच होते, तेव्हा मुलांनो, तीसुद्धा यातच धरा.

दोन शिंपी भाऊ शेजारीशेजारी राहायचे. धाकट्याने एका म्हातारीची विरलेली शाल फुकट रफू करून दिली. ती म्हणाली, "उद्या सकाळी जे पहिलं सुरू करशील, ते सूर्य मावळेपर्यंत संपायचं नाही." सकाळी त्याने अस्तराचा एक तुकडा मोजायला घेतला, तर कापड निघतच राहिलं. खोलीतून जिन्यावर, जिन्यावरून रस्त्यावर. संध्याकाळी त्याने घरापुरतं ठेवलं, बाकीचं शेजारीपाजारी वाटलं आणि बरं झालं सूर्य मावळला म्हणत दुखरे हात चोळत बसला.

थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. त्याने म्हातारीला गाठलं, तिची धडधाकट शाल आपल्याच कात्रीने फाडली आणि मोठ्या प्रेमाने रफू करून दिली. म्हातारीने तोच आशीर्वाद दिला. हसली मात्र नाही.

बायको म्हणाली, "आपल्याला काय कमी आहे हो?" हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय, असं त्याने सांगितलं. त्यातलं निम्मं खरंही होतं.

सकाळी उठल्याउठल्या तो मखमलीचा तागा काखेत मारून कापायच्या टेबलाशी गेला. टेबलावर बायकोचा कंगवा पडला होता.

"इथे कंगवा ठेवतं का कुणी?"

झालं. तोंड थांबेना. कंगव्यावरून तिच्या विसरभोळेपणावर, तिथून स्वयंपाकावर, तिथून माहेरावर. तोंडावर हात दाबला तरी शब्द बोटांच्या फटींतून बाहेर. दुपारपर्यंत खऱ्या तक्रारी संपल्या, मग खोट्या सुरू झाल्या. काज करताना तू गुणगुणतेस ते मला कधीच आवडलं नाही, असंही तो म्हणून गेला. मुलांनो, त्या गुणगुणण्याच्या तालावर तर त्याचं मशीन चालायचं. बायको शर्टाचं काज करत होती. त्यानंतर ती पुन्हा कधी गुणगुणली नाही.

सूर्य मावळला. तोंड मिटलं. मखमल तशीच गुंडाळलेली होती. तो बायकोसमोर जाऊन उभा राहिला. सगळं खोटं होतं गं, एवढंच म्हणायचं होतं. पण दिवसभर बडबडून घशाला कोरड पडलेली. पुष्कळ खटपट केल्यावर कसाबसा आवाज फुटला.

"जरा पाणी देतेस?"