इझीसने हाक मारली

आमच्या बिल्डिंगचा राखणदार हारून इजिप्तचा. त्याची बायको खतिजा रोज संध्याकाळी लेकीला घेऊन आमच्या दारात येऊन बसायची. मला हाज्जा म्हणायची. मी कुठल्या हजला गेले होते? पण त्यांच्यात म्हाताऱ्या बाईला मानाने असंच म्हणतात, असं सून म्हणाली, म्हणून घेतला मान. अरबांच्या मुलखातल्या या जाब्रियात, चौथ्या मजल्यावर, दुसरा कोण देतोय?

सून विशाखा नर्स, मुलगा सुयोग लॅबमध्ये. आईला परदेश दाखवतो असं गावात सांगून मला संगमेश्वराहून आणलं. सहा महिन्यांत दाखवलं काय, तर समोरची बिल्डिंग आणि नातवाचा पाळणा.

खतिजाची हिंदी तोडकी, माझी त्याहून तोडकी. पण बढाई मारायला बायकांचं भाषेवाचून अडत नाही. मी तिला सांगितलं, मी विंचू उतरवते. सासूने ग्रहणात मला कमरेएवढ्या पाण्यात उभं करून मंत्र दिला. दहा वाड्यांची माणसं सीताबाईचं दार विचारत यायची. त्याचं काही घ्यायचं नाही, आणि कुणाला नाही म्हणायचं नाही. भरल्या ताटावरून उठायचं. नाही म्हटलं की मंत्र मरतो.

"आमच्याकडे पण एक होती," खतिजा म्हणाली. "इझीस."

तिचा बाप एका पडक्या देवळावर पहारेकरी होता. भिंतीवर इझीस कोरलेली, मांडीवर पोर घेऊन पाजत बसलेली. "आम्ही मानत नाही हं तिला, हाज्जा. आमचा अल्ला एक. पण गोष्ट चांगली आहे."

गोष्ट अशी. इझीसच्या नवऱ्याला त्याच्याच भावाने मारलं. ही तान्हं पोर घेऊन दलदलीत लपली, दारोदार मागत फिरली. एका श्रीमंतिणीने तिच्या तोंडावर दार लावलं. पुढे त्याच बाईच्या मुलाला विंचू चावला, तर हिने जाऊन हात ठेवला आणि विष उतरवलं.

"मीही उतरवलं असतं," मी म्हटलं, "पण आधी त्या बाईला चार शब्द ऐकवले असते."

खतिजा खदखदून हसली. "ऐक पुढे. एक दिवस इझीस भीक मागून परत आली, तर तिचंच पोर विंचवाने लुळं पडलेलं. सगळ्या जगाला बरं करणारी ती, पण आपल्या पोरावर तिचा मंत्र चालेना. मग तिने अशी हाक मारली, अशी, की सूर्याची होडी आभाळात थांबली. वरून दुसरा देव धावत आला, त्याने पोर उठवलं."

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि उठून आत गेले. गॅसवर दूध नव्हतं.

मार्चमधला शुक्रवार. सुट्टी, म्हणून सगळे घरी. बिल्डिंगच्या मालकाचा वाळवंटातला तंबू थंडी संपली म्हणून परत आला होता. हारून खाली पार्किंगमध्ये तो पसरून झटकत होता, आणि त्याची पाच वर्षांची शैमा अनवाणी तंबूच्या कापडावर नाचत होती.

आम्ही जेवायला बसलो आणि दारावर धपाधप हात. खतिजा शैमाला खांद्यावर टाकून उभी.

"हाज्जा! अक्रब! विंचू!" तिने पोर माझ्या पायाशी ठेवलं. "हारून गाडी काढत होता. मी म्हटलं, आधी वर, हाज्जाकडे."

मी उष्ट्या हाताने उठले. ओठांवर मंत्राचा पहिला शब्द आलासुद्धा, इतकी ती सवय. मग पोरीला हात लावला. तळवे गार, कपाळ घामाने निथळतंय, तोंडातून लाळ. हे अंग मी ओळखत होते.

"माझ्याने होणार नाही," मी म्हटलं. "हॉस्पिटलात ने. आत्ता."

खतिजाने माझे पाय धरले. "तू म्हणालीस, नाही म्हणायचं नसतं! माझ्यावर रागावलीस का? मी काय केलं?"

"अगं, मंत्राने नाही उतरत हा! साधा असला तर तो आपोआप उतरतो, आणि नाव माझं होतं. माझा गणपत सहा वर्षांचा होता. असाच गार पडला. मी दोन तास मंत्र म्हणत बसले. दवाखाना नदीपलीकडे. पण नेला तर लोक म्हणतील, सीताबाईला स्वतःचं पोर उतरवता आलं नाही. तुझ्या इझीसने हाक मारली. मी नाही मारली."

खतिजाला किती कळलं कोण जाणे. सुयोगला सगळं कळलं. तो ताटावरून उठला, पोरीला उचललं आणि चपला न घालता जिना उतरला. मागे खतिजा. विशाखाने कडेवरचं बाळ माझ्याकडे द्यायला हात पुढे केला, मग तो मागे घेतला आणि बाळाला घेऊनच खाली धावली.

शैमा वाचली. चौथ्या दिवशी घरी आली. खतिजाने बसबुसा केला, त्यांच्याकडची रव्याची गोड वडी, विशाखाच्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता गेली. हाज्जाकडे औषध होतं आणि तिने दिलं नाही, असं ती खाली बायकांना सांगते. सांगू दे.

सुयोगने त्या दिवसानंतर एवढंच विचारलं, "दादा तापाने गेला म्हणायचीस."

"हो."

"बाबांना?"

"ते तेव्हा मुंबईला होते. त्यांनाही तेच सांगितलं."

त्यानंतर तो माझ्याशी मीठ वाढ, दार लाव, एवढंच बोलतो.

आज सकाळी विशाखाने बाळाची पिशवी भरली. दुसऱ्या मजल्यावरची केरळची बाई दिवसभर मुलं सांभाळते.

"आई, तुम्हालाही जरा आराम मिळेल," ती म्हणाली.

"सरळ बोल गं. भीती वाटते म्हण."

ती पिशवीची चेन लावत थांबली. मग म्हणाली, "हो आई. वाटते."

सहा महिन्यांत ही पोर पहिल्यांदा माझ्याशी खरं बोलली. बाळाचं टोपडं खाटेवरच राहिलं होतं. ते उचलून तिच्या हातात दिलं. त्या बाईकडे एसी फार असतो.