जेवढं निघालं तेवढं

पारगावला साखर कारखान्याच्या रस्त्याला गोरखचं गॅरेज होतं. ऊसतोडणीचा हंगाम लागला की दारात ट्रॅक्टरांची रांग लागायची. त्याच्या हाताखालून गेला नाही असा गिअरबॉक्स त्या भागात शोधावा लागला असता. डिंगोऱ्याला सासुरवाडीतही थोरला जावई म्हणून त्याचा शब्द चालायचा. विहिरीवरची मोटर बसली की सासरे सावळेराम आधी त्यालाच निरोप धाडायचे, आणि तो हातातलं काम टाकून जायचा. वीस वर्षं असंच चाललं होतं.

मग दोन हजार पाच सालच्या जत्रेला त्याचा साडू सोपान गाडी घेऊन आला.

सोपान पिंपरीच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये कारकून. नखं पांढरीशुभ्र, खिशाला पेन. गाडी जुनीच घेतलेली, पण ऑटोमॅटिक होती. क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही. नारायणगावापासून डिंगोऱ्यापर्यंत ती सोपानच्या बायकोनं, इंद्रायणीनं चालवत आणली होती. सासू झुंबरबाईंनी ही गोष्ट आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितली. सावळेरामांचा गुडघा दुखायचा, ते पुढच्या सीटवर बसून गावातून एक चक्कर मारून आले आणि उतरताना म्हणाले, पाण्यावरून चालल्यागत चालती. गोरखची मोटरसायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडं कुणी बघितलंही नाही.

गोरखनं बोनेट उघडून बघितलं. त्यातलं त्याला फारसं काही कळलं नाही, आणि कळलं नाही हे त्याला आणखी लागलं. असली गाडी पारगावच्या बाजूला कुणाकडंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपाननं डिकीतून तेलाचे चार डबे काढले. खेडच्या घाटात गाडी हिसके देत होती, गिअरबॉक्सचं तेल बदलायला झालं होतं. पिंपरीत राहायला तिसऱ्या मजल्यावर, खाली पार्किंगमध्ये कुणी तेलाचं काम करू देत नव्हतं. इथं ट्रॉली भरायचा दगडी उतार होता, त्यावर गाडी चढवून खाली शिरता येणार होतं. गोरख बाह्या वर सारत पुढं झाला.

"राहू द्या भाऊ," सोपान म्हणाला. "वर्षभर तेच करताय. जत्रेला आलाय तर बसा निवांत. मी गाडीचं पुस्तक बघून करतो."

सोपाननं ते आपुलकीनंच म्हटलं होतं. पण गोरखला वाटलं, भर अंगणात कुणी तोंडात मारली. तो ओट्यावर जाऊन बसला आणि तिथूनच बघत राहिला.

सोपाननं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे एकेक गोष्ट केली. आधी गाडी थोडी फिरवून तेल कोमट केलं. चालू इंजिनवर मोजपट्टी ओढून बघितली, तेल बरोबर वरच्या खुणेला होतं. मग इंजिन बंद करून खाली घमेलं लावलं आणि बोल्ट सोडला. जळका वास मारणारं काळपट तेल निथळलं. ते त्यानं पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत ओतलं. जेवढं निघालं तेवढंच नवं घालायचं, असं त्यानं जवळ उभ्या असलेल्या सासऱ्यांना समजावून सांगितलं. सासरे शाळेतल्या पोरासारखे मान डोलवत होते. वीस वर्षांत गोरखला त्यांनी कधी विचारलं नव्हतं, की बाबा, मोटर नीट कशी करता?

बोल्ट परत आवळून सोपान हात धुवायला आणि चहाला आत गेला. सासरेही गेले. तीन बाटल्या उताराच्या कडेला ओळीनं उभ्या होत्या. गोरख उठला. तिसरी बाटली त्यानं उचलली, गोठ्यामागं नेली, अर्धी उकिरड्यावर ओतली आणि परत होती तिथं ठेवली. गाडी बिघडावी असं काही त्याच्या मनात नव्हतं. एवढंच होतं की कुठंतरी अडावं, आणि त्या पुस्तकवाल्यानं येऊन विचारावं.

तसंच झालं. तिसरी बाटली किती भरली होती हे सोपानच्या ध्यानात नव्हतं; बाटल्यांकडं बघून त्यानं तेवढंच लाल नवं तेल नळीतून घातलं, इंजिन चालू केलं, गिअरचा दांडा एकेका जागी फिरवून आणला आणि पट्टी ओढली. तेल खालच्या खुणेलाही लागत नव्हतं. त्यानं पट्टी पुसून तीन वेळा बघितलं. मग ओट्यापाशी आला.

"भाऊ, सोडायच्या आधी बरोबर होतं. जेवढं निघालं तेवढं घातलं. मग कमी का दाखवतंय?"

कालपासून गोरख याच प्रश्नाची वाट बघत होता. त्यानं तंबाखू मळता मळता सांगितलं, "गळत असंल कुठंतरी. या गाड्यांचं असंच आसतंय. सील गेलं का समदं तेल जातंय."

सोपानचा चेहरा उतरला. तो गाडीखाली शिरला आणि हातातली बॅटरी पेटवून तासभर तिथंच होता. ऊन चढलं, शर्ट पाठीला चिकटला. गोरखला गार वाटलं. सासऱ्यांनी येऊन हळूच विचारलं, की तुमी बघता का जरा? त्यानं मान हलवून सांगितलं की ही गाडी हितं व्हनार न्हाई, पुण्यालाच न्यावी लागंल.

हे चाललेलं असताना झुंबरबाई नेसून तयार होऊन बाहेर आल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. दुपारी सोपान त्यांना निमगाव सावाला नेणार होता. तिथं त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. दोन एस.ट्या बदलून जायचं झुंबरबाईंना आता झेपत नव्हतं, त्यामुळे दीड वर्ष भेट नव्हती. गोरखला हे ठाऊक नव्हतं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

सोपान गाडीखालून बाहेर आला. "आत्या, आज नको," तो म्हणाला. "तेल गळतंय असं दिसतंय. वाटेत गाडी बंद पडली तर तुम्हाला घेऊन कुठं बसू?"

 झुंबरबाईंनी पिशवीतून बहिणीसाठी केलेल्या मऊ पोळ्यांचं फडकं काढलं, ते इंद्रायणीच्या हातात दिलं आणि लुगडं बदलायला आत गेल्या.

 गोरखच्या तोंडातली तंबाखू कडवट झाली. मग तो उठून सोपानकडं गेला आणि खाली बघतच म्हणाला,

"गळत नाय ती. बाटलीतलं मीच वतलं. उकिरड्यावर."

 गोरखला वाटलं, आता हा ओरडंल, सगळं घर गोळा होईल. ओरडला असता तर बरं झालं असतं, त्यालाही चार शब्द बोलता आले असते. पण सोपाननं फक्त विचारलं, "किती?"

"अर्धी बाटली."

सोपाननं शिल्लक डबा उघडला, थोडं थोडं करून तेल घातलं, दर वेळी पट्टी बघितली. तेल वरच्या खुणेला आलं. मग त्यानं आत हाक मारली, की आत्या, चला, झालं.

झुंबरबाई पुढं बसल्या, गोरख आणि त्याची बायको सारजा मागं बसले. घाटात दिलेले हिसके गाडीनं एकदाही दिले नाहीत. निमगावात झुंबरबाई बहिणीच्या उशाशी बसल्या, दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या. बहिणीनं डोळे पुसत सोपानला म्हटलं, "पावणं, तुमच्यामुळं हिचं तोंड बघाया मिळालं."

"मी नाही," सोपान म्हणाला. "गाडी अडली होती, गोरखभाऊंमुळं निघाली."

सगळ्यांनी गोरखकडं कौतुकानं बघितलं. सारजाचा चेहरा फुलला. गोरखनं चहाचा कप खाली ठेवला. हा माणूस आपल्याला टोमणा मारतोय की झाकून घेतोय, हे त्याला समजेना. आणि झाकून घेत असेल तर ते त्याला आणखी सोसवत नव्हतं. आपण त्याच्या जागी असतो तर सगळ्या आळीला ऐकवलं असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. गाडी पैसे साठवून कधीतरी घेता आली असती. हे त्याला कुठून जमणार होतं?

 येताना सारजानं काय झालं म्हणून विचारलं तर त्यानं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डिंगोऱ्याला गाडी अंगणात थांबली, तसा तो सासूला उतरायला हात द्यावा म्हणून घाईनं दार उघडून बाहेर पडला. पण सोपान पुढून वळसा घालून आधीच पोचला होता, आणि झुंबरबाई त्याचा हात धरून उतरल्या.