फुंकरबाबांच्या पाण्याला लागलेल्या मुंग्या

तलावावर पोहणारे कमी आणि काठावर हात जोडून उभे असलेलेच जास्त, अशी गत झाली होती. मधोमध आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान आणि मुलांना पोहायला शिकवणारे सर, चड्डीवर थरथरत बसलेले. दरदरून घाम फुटलेला, नजर भलतीकडे.

"आली! जलशक्ती आली!" फुंकरबाबा ओरडले. "विचारा काय विचारायचंय ते!"

एका आजोबांनी गुडघेदुखीवर उपाय विचारला. दाजी कसेबसे म्हणाले, "टॉवेल."

"गुडघा झाकून ठेवा!" बाबांनी अर्थ लावला. आजोबा धन्य झाले.

मग बाबांनी बाटलीत फुंकर मारली, ते पाणी दाजींना पाजलं, आणि थोड्याच वेळात दाजी "काय झालं?" म्हणत उठून बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांच्या बाटल्यांवर लोक तुटून पडले.

ताई मात्र कोपऱ्यात डोळे पुसत होती. आदल्याच दिवशी दाजींना अशी थरथर सुटली आणि खोल पाण्यात त्यांच्या हातून एक पोरगी निसटली. तिनं काठ पकडला म्हणून वाचली.

"एखाद्या दिवशी पोर तरी बुडेल नाहीतर हे तरी," ताई म्हणाली. "आणि हे म्हणतात, बाबांचा नेम मोडायचा नाही."

नेम असा: सकाळी अन्नाला शिवायचं नाही, फुंकरलेलं पाणी पेलाभर प्यायचं आणि तलावात उतरायचं.

"रिकाम्या पोटीच शक्ती येते," बाबा म्हणाले.

"का हो? जेवलेल्या माणसाला घाबरते का?" मी विचारलं.

"पाखंडी!" बाबा गरजले. त्या झटक्यात बाटलीतलं पाणी फरशीवर सांडलं. बघता बघता तिथे मुंग्यांची रांग लागली. शेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ गळत होता, त्याच्याकडे एकही मुंगी ढुंकून बघेना.

"मुंग्यासुद्धा भक्त आहेत!" बाबांनी तेही खपवलं. माणूस बिलंदर खरा!

रोज पोहायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी मुंग्या दाखवल्या. त्या हसल्या आणि दुसऱ्या दिवशी रक्तातली साखर मोजायचं यंत्र घेऊन आल्या. मुलांना आम्ही पाण्यात उतरूच दिलं नाही. दाजी रोजचा नेम पाळून एकटेच उतरले, तेही उथळ पाण्यात, दोन दांडगे पोहणारे बाजूला ठेवून. थोडे हात मारले आणि झालं सुरू. बाहेर काढून डॉक्टरीणबाईंनी बोटाला टोचलं.

"साखर पार घसरलीय!"

बाबा बाटली घेऊन धावले, पण मी आधी पोचले. माझ्या पेल्यात कँटीनमधली साखर घातलेलं साधं पाणी होतं. फुंकर नव्हतीच, उलट ढवळताना मी बाबांना चार शिव्या हासडल्या होत्या. तरी दाजी उठून बसले.

"उपाशी पोटी बाबांचं हे साखरेचं पाणी प्यायलं की रक्तातली साखर भसकन चढते," डॉक्टरीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "शरीर तितक्याच घाईनं ती खाली ओढतं. त्यात हे पोहणार. मग थरथर सुटणार, नाहीतर काय होणार? परत गोड पाजलं की माणूस ताळ्यावर. दुखणं बाबांनीच दिलेलं आणि औषधही त्यांचंच!"

"मग पोहणं सोडू?" दाजींचा चेहरा एवढासा झाला.

"पोहणं कशाला? उपास सोडा! आधी नीट खा. अंडी, दही, शेंगदाणे, एखादं फळ. दिवसभरही थोडं थोडं खात राहा. साखर जवळ असू द्या, पण ती अडचणीपुरती. आणि बाकीच्या तपासण्या करून घ्या."

सगळे वळून बघतात तो काय, बाबा पसार! राहिल्या त्या मुंग्या.

कुणी फुंकरीनं माणूस उठवला, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढं विचारा, की तो पडला कशानं. आणि विचारायची भीती वाटत असेल, तर ते पाणी थोडं जमिनीवर सांडून बघा.

तपासण्या झाल्या, दाजी नेमानं खाऊ लागले, थरथर थांबली. डॉक्टरीणबाईंनी होकार दिल्यावरच मुलांचा वर्ग पुन्हा सुरू झाला. हातातून निसटलेली ती पोरगीही आली. खोल पाण्याच्या काठावर दाजींनी हात पुढे केला. तिनं स्वतःचे हात पाठीमागे लपवले.

"सर, आधी सांगा, खाऊन आलात ना?"

"दोन अंडी आणि दही."

मग तिनं हात दिला.